पाण्याची पाळी

"सिरील! लाल बोया डावीकडे पायजे! डावीकडे!"

बोटीच्या पुढच्या टोकावरून ब्लांच इतक्या जोरात ओरडली, की काठावर गळ टाकून बसलेल्या म्हाताऱ्यानं मान वर केली. बोटीनं मात्र मान वळवली नाही. लाल बोया, वाट दाखवणारं ते तरंगतं पिंप, पन्नास फुटांवर आला, मग तीस, मग वीस, आणि सरळ उजव्या हाताला. मागे सिरील सुकाणूचा दांडा धरून उभा, डोक्यावर निळी टोपी, चेहऱ्यावर रविवारच्या मिसला निघाल्यासारखी शांती.

आणि मग तो आवाज आला. पायाखालून, पत्र्यातून, थेट दातांत जाणारा. खर्रर्र. बोट जराशी उचलली गेली, थरथरली आणि पुढे सरकली.

"खडक होता काय गो?" सिरीलनं मागून विचारलं.

"गवत असेल," ब्लांच म्हणाली, आणि आपण असं का म्हणालो ते तिचं तिलाच कळेना.

कारण खडकच होता. आणि लाल-हिरव्याचा तो नियम तिला शिकवला कोणी, तर सिरीलनंच. खाली जाताना लाल डावीकडे, वर जाताना लाल उजवीकडे. पहिल्या वर्षी तिची चूक झाली, तर पठ्ठ्या अर्धा दिवस बोलला नव्हता. आठ उन्हाळे झाले. आठ उन्हाळ्यांत बोटीच्या पोटाला एक ओरखडा नव्हता.

आता बोट कसली म्हणाल, तर तशी बोट टोरांटोपासून दोन तासांवरच्या त्या पाण्यावर दुसरी नाही. बाकी सगळ्यांच्या पांढऱ्या, गुबगुबीत, दोन मजली. ही हिरवी, सिगारसारखी लांबलचक, सात फूट रुंद. पीटरबरोच्या एका इंग्रज म्हाताऱ्यानं आपल्या देशातल्या कॅनॉलवरच्या बोटींच्या आठवणीवर घराच्या मागच्या अंगणात जोडलेली. तो गेल्यावर बायकोला अंगण मोकळं हवं होतं, आणि सिरील नुकताच वॉनच्या वेअरहाऊसमधून रिटायर झाला होता. चोवीस वर्षं फोर्कलिफ्ट चालवली होती त्यानं, अरुंद गल्ल्यांतून, एक खोका कधी पाडला नाही. ती बोट बघितली आणि म्हणाला, "ही तर माझ्याचसाठी केलीय." नाव ठेवलं 'भुईगाव'. वसईच्या आपल्या गावाचं. लॉकवरचे लोक 'बुईगॉ' म्हणत, तो दर वेळी सुधारून सांगे, आणि ते दर वेळी 'बुईगॉ'च म्हणत.

पण मुद्दा तो नाही. मुद्दा असा, की ब्लांच आठवडाभर घाबरलेली होती. अशी घाबरलेली की रात्री झोपेत सिरीलचा श्वास मोजायची आणि सकाळी त्याच्याआधी उठून चहा करायची. चहा त्यानं केला, तर काय होईल ते तिला बघायचं नव्हतं.

सोमवारी बॉबकेजनला तो बर्फ आणायला गेला. वीस मिनिटं झाली, चाळीस झाली. ही शोधायला गेली, तर हा धक्क्याच्या दुसऱ्या टोकाला एका पांढऱ्या क्रूझरमध्ये बसून कॉफी पीत होता. त्या बोटीचं गोरं जोडपं कौतुकानं हसत होतं. "युअर हजबंड जस्ट वॉक्ड इन! सच अ स्वीट मॅन!" सिरीलही हसला. म्हणाला, "ओळख करून घेतली." पण ब्लांचनं त्याचे पाय बघितले. त्यानं बूट काढून दारात ठेवले होते. आपल्या घरात शिरताना काढावेत तसे.

दुसरं कोणी असतं, तर म्हणालं असतं, वय झालं, होतं असं. ब्लांचला ते म्हणता येत नव्हतं. एकोणीस वर्षं ती व्हिटबीच्या नर्सिंग होममध्ये कामाला होती. दुसरा मजला, आठवण हरवलेल्यांचा, दाराला कोड असलेला. म्हाताऱ्यांना आंघोळ घालायची, भरवायची आणि डॉक्टर आले, की शेजारी उभी राहायची. डॉक्टर कागद पुढे करायचे, "घड्याळ काढा. अकरा वाजून दहा मिनिटं." तिनं शेकड्यांनी घड्याळं बघितली होती. बाराही आकडे एकाच बाजूला गोळा झालेली. काटे नसलेली. एका शाळामास्तरनं तर घड्याळाऐवजी आपल्या घराचं दार काढलं होतं. डॉक्टरांचा दुसरा प्रश्न असायचा, "आज वार कोणता?"

आठवडाभर हा प्रश्न ब्लांचच्या जिभेवर होता, आणि आठवडाभर ती तो गिळत होती.

खडक मागे गेला आणि फोन वाजला. डेरिक. एकुलता एक, ओशावात राहणारा. मराठी सगळी कळते, बोलतो मात्र बहुतेक इंग्लिशमध्ये.

"मॉम, जस्ट टेल मी. इज ही ओके?"

"ओके म्हणजे काय, मस्त आहे. मागे उभा आहे."

"यू'ड टेल मी, राइट? आपण बोललो होतो. इफ एनीथिंग हॅपन्स धिस ट्रिप, बोट विकायची. अँड देन वी गेट हिम टेस्टेड."

"काही झालेलं नाही, बाळा. आज दोन लॉक, की पोचलो. उद्या तू लेकफील्डला गाडी घेऊन ये. मी सुक्या बोंबलाची चटणी आणलेली, ती पण उरलीय तुझ्यासाठी."

"डोन्ट चेंज द टॉपिक, मॉम."

तिनं फोन खिशात टाकला.  बोट गेली, की टेस्ट. टेस्ट झाली, की आज ना उद्या तो दुसरा मजला. त्या दाराचा कोड ती एकोणीस वर्षं दाबत आली होती. आतून दार उघडायला जाणारे हात तिनं स्वतः हळूच धरून मागे वळवले होते. "चला बाबा, जेवायची वेळ झाली." त्या हातांत सिरीलचे हात? नाही. आज दोन लॉक. फक्त दोन.

पुढचं वळण घेतलं आणि लॉक दिसला.

लॉक म्हणजे पाण्याचा जिना. दोन दरवाज्यांमधली दगडी खोली. वरून आत शिरायचं, मागचा दरवाजा लागतो, खोलीतलं पाणी सोडतात, बोट पाण्याबरोबर हळूहळू खाली जाते, मग पुढचा दरवाजा उघडतो. सिरीलला यातच सगळी मजा. कुठल्याही लॉकजवळ आला, की म्हणायचा, "चल, दारं धरायला." भुईगावच्या वाडीत तो लहानपणी तेच करायचा. विहिरीवर बैलाचा रहाट चालायचा, पाणी पाटानं यायचं, आणि हा फावडं घेऊन केळीच्या वाफ्यांची दारं धरायचा. एक फोडायचं, एक बुजवायचं. "इथं पण तेच," म्हणायचा, "फक्त चिखल नाय."

आणि लॉकमध्ये त्याचा एक नियम होता. नियम सगळ्यांचाच, पण सिरील तो पाद्र्यासारखा सांगायचा. भिंतीवर उभ्या केबल असतात. आपला दोर केबलमागून घ्यायचा आणि टोक हातात धरायचं. पाणी उतरेल तसा दोर सरकतो. "बांधायचा नाय. कधीच नाय. नुसता धरायचा. बांधला, की पाणी खाली, बोट वर." पाहुणे आले, की प्रत्येकाला हे ऐकावं लागे. डेरिकच्या सासूलासुद्धा.

"कॅप्टन सिरील!" वरून हाक आली.

लॉकवरची वेन्डी. पन्नाशीची, दणकट, उन्हानं तांबडी झालेली. आठ वर्षांची ओळख. सिरीलनं टोपी उचलली. बोट भिंतीला अशी लावली, जशी लोण्यात सुरी. ब्लांचला वाटलं, बघा, जमतंय की. उगाच आपण.

शेजारी एक सपाट, तराफ्यासारखी पॉन्टून बोट लागली, तिच्यावर एक मोठं कुटुंब आणि चिप्सच्या पिशव्या. मागचा दरवाजा लागला. इंजिन बंद. ब्लांचनं पुढचा दोर केबलमागून घेतला, टोक हातात धरलं. पाणी काठोकाठ होतं, बोटीतून भिंतीवर सहज पाय टाकता येईल इतकं. वर वेन्डी लोखंडी दांड्याला छाती लावून गोल गोल चालायला लागली. हा लॉक अजून हातानं चालवतात. मधे खांब, त्याला आडवा दांडा, तो ढकलत माणूस फिरतो, आणि तळाची झडप उघडते. एक फेरी. दोन फेऱ्या. सिरील मान वर करून बघत होता. टक लावून.

पाणी उतरायला लागलं.

भिंत वर वर जाते त्या वेळी, ओली, शेवाळलेली. थंड वास येतो. ब्लांचच्या हातातला दोर केबलवरून थोडा थोडा खाली सरकत होता. एक फूट. दोन फूट. आणि मग तिच्या पायाखालची जमीन, म्हणजे बोटच, पुढे कलली.

थोडीशी. तिला वाटलं भास झाला. मग आतून कपबशी पडल्याचा आवाज आला. तिनं मागे बघितलं.

बोटीची मागची बाजू वर होती. पाण्याच्या वर. आणि मागचा दोर, ताठ, बारीक झालेला, थेंब उडवत, भिंतीवरून थेट वर गेलेला होता. काठावरच्या लोखंडी खुंटाला. बांधलेला.

आता ऐका, इथं तिनं काय केलं. ती ओरडली नाही. ओरडायला पाहिजे होतं, एकोणीस वर्षं नर्सिंग होममध्ये काढलेल्या बाईला कळत होतं, की अशा वेळी पहिल्यांदा ओरडायचं असतं. पण ओरडलं, की वेन्डी बघणार, पॉन्टूनवाले बघणार, काठावर आइस्क्रीम खात उभे असलेले सगळे बघणार. कोणीतरी फोनवर शूट करणार. आणि उद्या डेरिक. म्हणून ती गप्प राहिली. तीन सेकंद, चार सेकंद. तेवढ्यात पुढच्या टोकावरून पाणी आत आलं, तिच्या घोट्यांवर, बर्फासारखं.

तेव्हा ती ओरडली. "थांबव! अगं बाई, थांबव! स्टॉप! स्टॉप!"

वर वेन्डीनं वाकून बघितलं आणि तिचा चेहराच बदलला. ती उलट्या फेऱ्या मारत पळायला लागली. पण झडप काय लगेच बंद होते? जेवढ्या फेऱ्या उघडायला, तेवढ्याच बंद करायला. पाणी उतरतच होतं.

ब्लांचनं पुढचा दोर सोडला आणि दार लोटून आत शिरली. आत सगळं तिरकं. बेडवरची गोधडी खाली, खुर्ची आडवी, सिरीलच्या आईचा फोटो भिंतीवर वाकडा. चढावर चढावं तशी ती हातानं धरत धरत मागे निघाली, आणि समोरून घरंगळत आला नारळ. तिच्या पायाला लागून पुढे गेला. नारळ बघितला आणि तिला कोयती आठवली.

ती कोयती सगळ्यांच्या चेष्टेचा विषय होती. बोटीवर कोयती कोण ठेवतं? "मॉम, दॅट्स अ वेपन," डेरिक म्हणायचा. पण सांदण करायचं तर खोबरं पाहिजे, खोबरं पाहिजे तर नारळ फोडायला पाहिजे, आणि आईनं लग्नात दिलेली कोयती तिच्याबरोबर वसईहून मस्कतला, मस्कतहून टोरांटोला आली होती. स्टोव्हखालच्या टोपलीत हात घातला. होती.

मागचं दार उघडून ती बाहेर आली, तर सिरील तिथं उभा. एक हात दांड्यावर, एक हात छपराच्या कडेला. पडू नये म्हणून धरलेला, पण चेहरा वर. तो अजूनही वेन्डीकडे बघत होता. आणि हसत होता.

"बाजूला हो," ब्लांच म्हणाली. "सिरील, बाजूला हो, दोर उडेल!"

तो हलला नाही. तिनं त्याला डाव्या कोपरानं असं ढकललं, की तो दारात बसला. मग कोयती उचलली. पहिला घाव घसरला. दुसऱ्यानं दोराचे धागे उडाले, तटतट आवाज करत. कानठळ्या बसल्या. तिला वाटलं, आता दोर तुटेल तो तोंडावरच येईल, डोळा जाईल. जाऊ दे. तिसरा घाव.

बोट पडली. म्हणजे अक्षरशः पडली, म्हशीनं पाण्यात बसावं तशी धपकन. पाणी दोन्ही भिंतींना आपटून परत आलं, पॉन्टूनवरची बाई किंचाळली, बोट दोनदा डुलली आणि सरळ झाली.

मग फक्त वरून पाणी ठिबकत होतं. आणि सिरीलनं, दारात बसल्या बसल्या, लहान मुलानं सांगावं तसं सांगितलं,

"अगो, कापलास कशाला? सुटेल ना तो बैल."

ब्लांच बघतच राहिली. वर दांडा थांबलेला होता. खांब, दांडा, जमिनीवर पायांनी झिजून झालेला गोल. रहाट. आत्ता कळलं तिला. रहाट म्हणजे बैल आलाच, आणि बैल जुंपेपर्यंत खुंटाला बांधून ठेवायचा असतो. त्यानं बांधला होता.

शिडीवरून वेन्डी खाली उतरली. घामानं निथळत होती. 

"हू टाइड दॅट लाइन? यू कुड हॅव सँक! हू टाइड इट?"

सिरील उठला. टोपी सारखी केली. आणि आता तो पुन्हा कॅप्टन होता. कापलेल्या दोराकडे बघून त्याच्या कपाळावर आठी आली. "कोणी बांधला हा?"

"मी," ब्लांच म्हणाली. "मी बांधला. आय टाइड इट. माय मिस्टेक."

"तू?" सिरील वेन्डीकडे वळला. "आठ वर्षं सांगतोय हिला. नेव्हर टाय! जस्ट होल्ड! ऐकेल तर शपथ. वॉटर गोज डाऊन, बोट स्टेज अप. आय टोल्ड हर हंड्रेड टाइम्स."

"हो रे बाबा. चुकले."

"चुकले म्हणे. मेलो असतो."

 वेन्डीनं ब्लांचकडे बघितलं. ब्लांच सगळा वेळ पुढच्या टोकाला होती, हे वरून तिनं बघितलंच असणार. मग वेन्डी शिडी चढून गेली, आणि पुढचा दरवाजा उघडून पुन्हा खाली आली, तेव्हा तिच्या हातात दोराचा उरलेला तुकडा होता. खुंटावरून तसाच काढून आणलेला, गाठीसकट.

"कुडन्ट अनडू इट," ती हळूच म्हणाली. "नेव्हर सीन अ नॉट लाइक दॅट." मग जरा थांबून, सिरील ऐकणार नाही अशा आवाजात, "माय डॅड वॉज अ कारपेंटर. ही स्टार्टेड मेझरिंग द विंडोज. एव्हरी डे." एवढंच. "मी पुढच्या लॉकला फोन करते, तुम्ही येताय म्हणून," असं काहीतरी इंग्लिशमध्ये म्हणाली आणि बोटीला पायानं हलकासा धक्का दिला.

पुढच्या लॉकपर्यंत पाऊण तासाचं पाणी होतं. सुकाणू ब्लांचनं धरलं. "जरा बस तू, मला शिकू दे," म्हणाली, आणि तो कुरकुर न करता बसला, याची तिला खडकापेक्षा जास्त भीती वाटली. आठ वर्षांत तिनं तो दांडा धरला नव्हता. डावीकडे ढकलला, की बोट उजवीकडे जाते. पहिली दोन वळणं तिनं नागमोडी काढली. एकदा तर थेट लव्हाळ्यात घुसता घुसता वाचली.

"हळू," सिरील म्हणाला. "आधी बघ, मग हलव."

"लाल डावीकडे ना?"

त्यानं एकदा डावीकडे बघितलं, एकदा उजवीकडे. लाल बोया आला. ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती. मग तिनं स्वतःच तो डावीकडे घेतला.

दोराचा तुकडा त्याच्या मांडीवर होता. ब्लांचनं मघाशी नखं लावून बघितलं होतं, दात लावून बघितलं होतं, गाठ सुटली नव्हती. सिरीलनं न बघता एक टोक ओढलं, आणि गाठ अशी सुटली, जशी कधी नव्हतीच. मग पुन्हा बांधली. पुन्हा सोडली.

दोन्ही काठांवर कॉटेजं, धक्क्यांवर रंगीत खुर्च्या, कुणाच्या तरी ग्रिलचा धूर.  विचारू नकोस, विचारू नकोस, असं ब्लांच मनात म्हणत होती, आणि म्हणता म्हणता विचारून बसली.

"सिरील, आज वार कोणता?"

त्यानं पाण्याकडे बघितलं.  इंजिन टक टक करत होतं.

"आपला," तो म्हणाला. "आज आपली पाळी ना पाण्याची? काकांची काल झाली." मग तिच्याकडे वळून, जरा काळजीनं, "उशीर नाय ना झाला गो?"

तिला माहीत होतं. एक विहीर, तीन घरं, ज्याचा त्याचा वार ठरलेला. लग्न होऊन ती भुईगावात आली, तेव्हा तिथं मोटर बसलेली होती, रहाट गंजत पडला होता. ती पाळी तिनं कधी बघितलेली नव्हती.

"नाही," ब्लांच म्हणाली. "वेळेवर आलोय."

पुढच्या लॉकमध्ये तिनं बोट भिंतीला आपटली. धाडकन, हिरवा रंग खरवडून. मागच्या दोराचा आखूड झालेला तुकडा मधल्या केबलमागून घेतला, एक टोक स्वतःच्या मुठीत आणि दुसरं सिरीलच्या मुठीत दिलं. त्याची बोटं तिनं एकेक करून मिटली.

"बांधायचा नाही हां."

"मला सांगतेस?" तो म्हणाला.

पाणी उतरायला लागलं. भिंत वर वर जायला लागली. तिची नजर त्याच्या हातांवरच होती, तिच्या खिशात फोन वाजत होता, डेरिकचाच असणार, आणि दोघांच्या हातांतला दोर केबलवरून थोडा थोडा सरकत होता.

वर कडेला एक टोपीवाला माणूस येऊन उभा राहिला. आधी सिरीलकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"यू द कॅप्टन, मॅम? वेन्डी सेड टू लुक आउट फॉर यू."

 सिरीलनं डोक्यावरची निळी टोपी सारखी केली, आणि लगेच पुन्हा दोर धरला.

"येस," ब्लांच म्हणाली.